शास्त्रीय संगीत ऐकायला शिकताना: आधी सा, मग सम, राग त्यानंतर

"शास्त्रीय संगीत ऐकायचंय, पण काही कळत नाही. कुठून सुरुवात करू?" असं विचारणाऱ्याला हमखास रागांची यादी मिळते. मग तो बिचारा आरोह-अवरोह पाठ करतो, थाट पाठ करतो, वादी-संवादीचं कोष्टक उतरवून घेतो आणि पाऊण तासाचा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं लांबलचक गाणं, लावून बसतो. पाचव्या मिनिटाला हात मोबाइलकडे जातो. "आपल्याला कान नाही" असा निष्कर्ष निघतो आणि प्रकरण तिथेच मिटतं.

कान असतो, क्रम चुकलेला असतो. राग ओळखणं ही बरीच पुढची गोष्ट आहे. त्याआधी दोन गोष्टी कानाला सापडायला हव्यात: गाणं कुठल्या सुरावर उभं आहे आणि तालाचं चक्र कुठे पूर्ण होतं. म्हणजे सा आणि सम. या दोन्ही सापडल्या की एकाही रागाचं नाव माहीत नसताना गाण्यात रमता येतं. त्या सापडल्या नाहीत तर पन्नास राग पाठ असूनही समोर चाललेलं गाणं परकंच राहतं.

हे मार्गदर्शन गायला शिकण्यासाठी नाही, ऐकायला शिकण्यासाठी आहे. तरीही थोडं गुणगुणावं लागेल, टाळी द्यावी लागेल. नुसतं पडून ऐकल्याने हे जमत नाही.

## पूर्वतयारी

इअरफोन किंवा बरा स्पीकर. ही चैन नाही. पुरुष गायकांच्या नेहमीच्या 'काळी एक' पट्टीत (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, सेकंदाला जेमतेम ६९ कंपनांचा असतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो जवळपास येतच नाही. डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याची, गुंजही तशीच गायब होते. पुढे ताल ओळखताना आपण नेमका डग्ग्यावर भरवसा ठेवणार आहोत, त्यामुळे ही तयारी टाळली तर दुसरा टप्पा अडून बसेल.

तीन ॲप. तानपुऱ्याचं एक, तबला आणि लेहरा (तालाच्या एका चक्रात बसणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) वाजवणारं एक, आणि पडद्यावर पट्ट्या दाखवणारं साधं कीबोर्ड. फुकटातली चालतात. तानपुऱ्याच्या ॲपमध्ये पट्टी बदलता येते ना आणि सूर बारीक वर-खाली करता येतो ना, एवढं पाहून घ्या.

ऐकण्यासाठी मोजकी ध्वनिमुद्रणं. सुरुवातीला सहा ते दहा मिनिटांचे मध्य किंवा द्रुत लयीतले छोटे ख्याल घ्या. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची मुद्रणं मिळाली तर उत्तम. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. तेवढ्यात बंदिश (तालात बांधलेली मूळ रचना), थोडी बढत (स्वरांचा क्रमाने विस्तार), ताना असं सगळं उरकलेलं असतं. नवशिक्याला इतका आटोपशीर नमुना दुसरीकडे क्वचितच मिळेल.

वही. त्यात रागाची माहिती उतरवायची नाही. कुठल्या मिनिटाला काय ऐकू आलं, एवढंच लिहायचं.

रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी एकदम तीन तास बसून हे होत नाही.

## टप्पा १: सा सापडणं

पाश्चात्त्य पद्धतीत सूर ठरावीक उंचीला बांधलेले असतात. आपल्याकडे सा ही उंची नाही, ती जागा आहे. गायक आपल्या गळ्याला सोयीची उंची निवडतो, तिला सा म्हणतो आणि बाकीचे सगळे सूर तिथून मोजले जातात. म्हणून 'हा कुठला सूर?' या प्रश्नाला सा ठाऊक असल्याशिवाय उत्तरच नसतं.

१. तानपुरा लावा. पहिली तार पंचमाची (प) ठेवा. पुरुषांनी 'काळी एक' आणि स्त्रियांनी 'काळी चार' पासून सुरुवात करावी आणि गळ्याला ताण वाटला तर एखादी पट्टी खाली-वर करावी.

२. पहिलं मिनिटभर नुसतं ऐका. चार तारा क्रमाने छेडल्या जातात: प, सा, सा आणि शेवटी खालचा जाड खर्जाचा सा. चौथी तार आली की मनात 'आली' म्हणा. खर्ज वेगळा काढता आला की पुढे जा.

३. आता आकारात, म्हणजे 'आ' म्हणत, हळू आवाजात, मुद्दाम सा च्या थोडं खाली सूर लावा आणि अगदी सावकाश वर सरका. तानपुऱ्याच्या जवळ येताच आवाजात हेलकावे जाणवतील. दोन सुरांच्या कंपनांत सेकंदाला तीनचा फरक असेल तर सेकंदाला तीन हेलकावे येतात. जवळ जाल तसे ते मंदावतात आणि सूर मिळाला की थांबतात. आपला आवाज तानपुऱ्यात बुडाल्यासारखा वाटतो, ऐकूच येईनासा होतो. तो सा.

४. सूर धरून ठेवा, तानपुरा बंद करा, दोन श्वास तसेच गुणगुणत राहा, पुन्हा चालू करा. सरकला असाल तर लगेच कळेल.

> इथे फसायला होतं: बरेच जण सा समजून पंचमावर बसतात. पंचमही तानपुऱ्यात छान मिसळतो, त्यामुळे शंका येत नाही. खात्री करायची असेल तर चौथ्या तारेची वाट पाहा. तुमचा सूर म्हणजे त्या खर्जाचाच बारीक आवाज वाटला पाहिजे. तसं न वाटता खाली उतरून बसावंसं वाटत असेल तर तुम्ही प वर आहात.

हे जमायला लागलं की एखादं ध्वनिमुद्रण घ्या. गायक सुरू होण्याआधी काही सेकंद तानपुरा एकटाच वाजत असतो. बहुतेक लोक ती जागा पुढे ढकलतात. तुम्ही तिथेच थांबा, सा शोधा, गुणगुणा आणि मग गाणं सुरू होऊ द्या. मधे कुठेही गाणं थांबवून सा लावता येतो का ते पाहा. सतारीच्या मुद्रणात हे सोपं जातं, कारण वादक चिकारीच्या तारा वरचेवर छेडतो आणि त्यात सा असतो.

आपल्या ॲपचा तानपुरा मुद्रणाशी जुळवायचा असेल तर पट्टी बदलत जा. जुनी मुद्रणं बरेचदा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतात. तिथे बारीक समायोजनाची कळ वापरा.

पहिली तार दर वेळी प ची नसते, हेही लक्षात असू द्या. मालकंस रागात पंचम वर्ज्य आहे, तिथे ती तार मध्यमाला (म) लावतात. मारवा रागातही पंचम नसल्याने निषाद (नि) लावलेला आढळतो.

पुढे जाण्याआधी: अनोळखी मुद्रण दोन मिनिटं ऐकून, ते थांबवून, सा लावा. पुन्हा चालू केल्यावर तो जुळला पाहिजे. पाचातले चार वेळा जुळला की पुरे. पाचही हवेत असा हट्ट नको.

## टप्पा २: लय, ठेका आणि सम

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. मैफलीत अनोळखी माणसं एकाच क्षणी 'वाह' म्हणतात आणि आपण मागे राहतो, ते बहुतेक वेळा सम चुकल्यामुळे.

सुरुवात त्रितालापासून करा. १६ मात्रा (तालाचे समान ठोके), चार-चारचे चार विभाग:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला हात बाजूला उघडायचा, त्याला खाली म्हणतात. पहिली मात्रा ही सम.

१. लेहऱ्याच्या ॲपवर त्रिताल लावा, मिनिटाला १२० मात्रांचा वेग ठेवा. १६ मात्रांचं एक आवर्तन ८ सेकंदांत पूर्ण होतं. याहून संथ नको. संथ म्हणजे सोपं वाटतं खरं, पण ऐकणाऱ्याला उलट असतं. दोन मात्रांमधलं अंतर वाढलं की नवशिक्याचा धागा तुटतो.

२. आधी फक्त बोटाने मात्रा धरा. सम शोधू नका. बोट तबल्याबरोबर सुटं, सैल पडलं पाहिजे.

३. ठेका, म्हणजे वरची बोलांची ओळ, तोंडाने म्हणा. पुटपुटलात तरी चालेल, पण ओठ हलले पाहिजेत. आकडे मोजण्यापेक्षा बोल म्हणणं चांगलं. आकडा तबल्यात ऐकू येत नाही, बोल येतो.

४. बोलाबरोबर टाळी आणि खाली द्या.

५. आता बोल म्हणणं थांबवा आणि डग्गा ऐका. 'धा' आणि 'धिं' मध्ये डग्ग्याची गुंज असते. 'ता' आणि 'तिं' मध्ये ती नसते, फक्त उजव्या तबल्याचा कोरडा नाद असतो. ठेका नीट पाहा: दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत सलग चार मात्रा डग्गा गप्प आहे. चौदाव्या 'धिं'ला तो परत येतो. तिथून तीन मात्रा: धिं, धिं, धा. मग सम.

यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. डग्गा गेला, म्हणजे आवर्तन अर्ध्याच्या पुढे गेलं. डग्गा परत आला, म्हणजे सम तीन मात्रांवर. ठेका साधा चालू असेल तर मात्रा न मोजताही सम धरता येते. तबलजी ठेका भरतो तेव्हा मधे बोल वाढतात, पण डग्ग्याचं हे जाणं-येणं बहुतेक वेळा टिकून राहतं.

> चूक: सर्वांत जोरात वाजलेला ठोका म्हणजे सम, असं धरून चालणं. सम कित्येकदा अगदी हळुवार येते. कधी गायक मुद्दाम समेवर गप्प राहतो आणि नंतरच्या मात्रेवर शब्द टाकतो.

### बंदिशीतून सम धरणं

ॲपवर जमलं की छोटा ख्याल घ्या. बंदिशीच्या पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा, म्हणजे मुखडा, पुन्हा पुन्हा येतो. त्या तुकड्यातलं एक अक्षर दर वेळी समेवर पडतं. ते अक्षर शोधायचं, शब्दाचा अर्थ नंतर पाहू. दोन-तीनदा मुखडा ऐकला की ते अक्षर हाती लागतं आणि मग गायक आलापात, तानेत कितीही लांब गेला तरी मुखडा सुरू झाला की घर जवळ आलं हे कळतं.

मुखडा समेपासूनच सुरू होतो असं धरू नका. त्रितालात तो खालीपासून, नवव्या मात्रेवरून उठणं फार नेहमीचं आहे. बंदिशीचा पहिला शब्द हीच पहिली मात्रा असं मानून मोजणारा माणूस पूर्ण गाणंभर अर्धं आवर्तन चुकत राहतो. तरी सगळं 'बसतंय' असं त्याला वाटतं, कारण आठ मात्रांचा फरक सहज जाणवत नाही.

### तिहाई

तबलजी किंवा गायक एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येतो, ती तिहाई. एकदा हिशेब मांडून पाहिला की ती पुन्हा सुटत नाही. 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा तुकडा समेपासून सुरू करा. पहिला धा पाचव्या मात्रेवर. सहावी मात्रा रिकामी. दुसऱ्यांदा सातवीपासून, धा अकरावीवर. बारावी रिकामी. तिसऱ्यांदा तेरावीपासून आणि शेवटचा धा सतराव्यावर, म्हणजे पुढच्या समेवर. हे तोंडाने म्हणत टाळी द्या. दहा-बारा वेळा धडपडाल, मग एकदम बसेल.

### दुसरे ताल, थोडक्यात

झपताल: १० मात्रा, २-३-२-३ अशी चाल. एकताल: १२ मात्रा. दादरा ६, केहरवा ८, हे दोन तुम्ही भजनांत आणि चित्रपटगीतांत नकळत ऐकलेलेच असतात. रूपक मात्र जपून: ७ मात्रा, ती ती ना । धी ना । धी ना. इथे समेवरच खाली आहे, डग्ग्याची गुंज समेवर नसून चौथ्या मात्रेवर येते. वर सांगितलेली डग्ग्याची खूण रूपकात वापरली तर तुम्ही चौथीलाच सम समजाल. म्हणून रूपक सगळ्यात शेवटी.

विलंबित, म्हणजे अतिसंथ, एकतालाची भीती सगळ्यांनाच वाटते. एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं. मोजायच्या फंदात पडू नका. ठेक्यात 'तिरकिट' दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला:

धिं धिं । धागे तिरकिट । तू ना । कत् ता । धागे तिरकिट । धी ना

पहिल्या तिरकिटनंतर 'तू ना' येतं, डग्गा गप्प असतो. दुसऱ्यानंतर 'धी' घुमतो. दुसरा तिरकिट ऐकू आला की सरसावून बसा. गायक बहुधा त्यानंतरच मुखडा उचलतो आणि समेवर येतो.

पुढे जाण्याआधी: मध्य लयीतल्या त्रितालाच्या अनोळखी बंदिशीत सलग पाच-सहा समा पकडता आल्या पाहिजेत. मधली एखादी चुकली आणि पुढची पुन्हा सापडली, तर तेही उत्तम. हरवल्यावर परत सापडणं हेच तर शिकायचं आहे.

## टप्पा ३: बारा जागा

नावं सात, जागा बारा. सा आणि प हलत नाहीत. रे, ग, ध, नि यांना शुद्धाशिवाय खालची कोमल जागा आहे आणि म ला वरची, तीव्र. कीबोर्डवर कुठलीही पट्टी सा धरा आणि तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या एकेक मोजत जा:

१ कोमल रे, २ रे, ३ कोमल ग, ४ ग, ५ म, ६ तीव्र म, ७ प, ८ कोमल ध, ९ ध, १० कोमल नि, ११ नि, १२ वरचा सा.

> चूक: 'पांढऱ्या पट्ट्या शुद्ध, काळ्या कोमल.' सा पहिल्या पांढरीवर असेल तरच हे ढोबळमानाने खरं, आणि तेव्हाही एक काळी तीव्र म ची असतेच. सा हलला की सगळा हिशेब हलतो.

गुणगुणताना सारेगमपधनिसा असा सरळ जिना चढू नका. तो सगळ्यांना येतो, पण त्यातून एकही सूर सुटा ओळखता येत नाही. क्रम असा ठेवा: सा, मग प, मग वरचा सा. त्यानंतर ग. उरलेले त्यांच्या आधाराने.

ग लवकर घेण्यामागे कारण आहे. चांगल्या जवारीच्या (तारांखालच्या घोडीची सूर घुमवणारी घडण) तानपुऱ्यात, खर्जाची तार छेडल्यावर थोड्या वेळाने शुद्ध गंधार आपोआप उमटतो. कुठलीच तार त्या सुरात लावलेली नसते, तो खर्जाच्या पोटातून येतो. डोळे मिटून चौथ्या तारेचा शेवट ऐका. पहिल्या दिवशी बहुधा सापडणार नाही, पण एकदा सापडला की तो न ऐकणं अशक्य होतं. हा गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. दोन्हींत फरक वाटला तर कानावर विश्वास ठेवा, कीबोर्डचा गंधार सगळ्या पट्ट्यांच्या सोयीसाठी जरा चढवलेला आहे.

मग जोड्या घ्या: शुद्ध ग आणि कोमल ग, शुद्ध म आणि तीव्र म, शुद्ध रे आणि कोमल रे. कुणालातरी कीबोर्डवर त्यातला एक वाजवायला सांगा आणि कुठला ते ओळखा. तानपुरा मागे चालू पाहिजे, नाहीतर हा खेळ निरर्थक आहे.

वाचनापुरतं: संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीच्या स्वरलिपीत अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, म वर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक, वर टिंब म्हणजे तार (वरचं). भातखंड्यांचे दहा थाट (रागांचे गट) वर्गीकरणाला उपयोगी आहेत. ऐकणाऱ्याला पहिले काही महिने त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

## टप्पा ४: राग

आता कुठे राग. पण यादी नको, तीनच घ्या: भूप, यमन, मालकंस. तिघांच्या स्वरांत पुरेसा फरक आहे, गोंधळ होत नाही आणि ऐकायला भरपूर मिळतं.

- भूप: सा रे ग प ध. म आणि नि नाहीत.
- यमन: सातही स्वर, म तीव्र, बाकी शुद्ध.
- मालकंस: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. रे आणि प नाहीत.

१. एका वेळी एकच राग. आठवडाभर तोच, पण वेगवेगळे कलाकार: एक पुरुषाचा आवाज, एक स्त्रीचा, एक बासरी किंवा सतार. आवाज बदलूनही जे तसंच राहतं, तो राग.

२. पहिला प्रश्न: कुठला स्वर येतच नाही?

३. दुसरा: गायक कुठल्या स्वरावर मुक्काम करतो?

४. तिसरा: कुठली स्वरांची ओळ फिरून फिरून येते? यमनात वर चढताना सा टाळून 'नि रे ग' असं जाणं सतत ऐकू येईल. ती वहीत तुमच्या भाषेत लिहा.

तीन राग झाले की देसकार आणा. स्वर भूपाचेच, तेच पाच, एकही कमी-जास्त नाही. तरी राग वेगळा. भूपात 'सा रे ग, प ग, ध प ग, रे सा' असं सगळं ग कडे ओढलं जातं आणि गाणं सप्तकाच्या खालच्या भागात रमतं. देसकारात ध वर मुक्काम, वरच्या भागात वावर, आणि रे वर रेंगाळणं नाही. भूपात ग वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर) आणि ध संवादी (त्याच्या खालोखाल), देसकारात नेमकं उलट. कोष्टकात हे वाचून काहीच कळत नाही. दोन्हींची पाच-पाच मिनिटं लागोपाठ ऐका, पुन्हा उलट क्रमाने ऐका. राग म्हणजे स्वरांचा संच नसून त्या स्वरांतून चालण्याची रीत आहे, हे माझ्या मते या एका जोडीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठेच होत नाही.

> सांभाळा: 'हे अमुक चित्रपटगीतासारखं वाटतंय' या खुणेने पहिले काही दिवस मदत होते, मग नुकसान. चित्रपटगीतात रागाबाहेरचे स्वर सर्रास येतात आणि कान त्या स्वरांसकट राग लक्षात ठेवतो.

> सांभाळा: ऑनलाइन मुद्रणांची शीर्षकं चुकीची असू शकतात. शिवाय जोगकंस, पूरिया कल्याण असे जोडराग सुरुवातीला टाळा. 'कंस' दिसलं म्हणून मालकंस समजू नका.

रागांची वेळ? देसकार सकाळचा, यमन संध्याकाळनंतरचा, मालकंस उत्तररात्रीकडे झुकणारा. पण सरावासाठी सकाळी यमन ऐकलात तर काहीही बिघडत नाही. योग्य प्रहराची वाट पाहत मालकंस कधीच न ऐकलेली माणसं पुष्कळ आहेत.

## टप्पा ५: पूर्ण ख्याल

आता पाऊण तासाचं मुद्रण घ्यायला हरकत नाही. एकदाच ऐकून सोडू नका, तीन फेऱ्या करा.

पहिली फेरी: सा आणि समा. बाकी काही नाही. कंटाळा आला तर थांबा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे.

दुसरी फेरी: उंची. बडा ख्याल म्हणजे बढत: गायक मध्य सा च्या आसपास सुरुवात करतो, मंद्रात उतरतो, मग एकेक स्वर खुला करत वर सरकतो. तो तार सा वर पहिल्यांदा ठामपणे कधी पोचतो, ती वेळ वहीत लिहा. वीस मिनिटं गेलेली असू शकतात. अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, बहुधा त्याच सुमारास सुरू होतो. इतका वेळ थोपवून धरलेला तो सा लागतो तेव्हा काय होतं, ते मी सांगत नाही. पहिल्या वीस मिनिटांत पुढे ढकलाढकली केली असेल तर मात्र काहीच होणार नाही.

तिसरी फेरी: सामग्री. आकारात संथ स्वर म्हणजे आलाप. बंदिशीचे शब्द घेऊन केला तर बोलआलाप. स्वरांची नावं घेतली तर सरगम. वेगाने गेल्या तर ताना, शब्दांसकट असतील तर बोलताना. कुठल्या मिनिटाला काय सुरू झालं, एवढी नोंद. मग छोटा ख्याल किंवा तराणा (अर्थाशिवायच्या बोलांची रचना), द्रुत लयीत, आणि तिथे तुम्ही टप्पा २ मधलेच राजे.

सगळ्या गायकांचा क्रम हाच नसतो. कुणी सरगम घेतच नाही, कुणी तानांना लवकर हात घालतो. नकाशा जुळला नाही म्हणून गाणं चुकलं असं होत नाही.

> चूक: सतार, सरोद किंवा ध्रुपदाच्या आलापात सम शोधणं. आलाप, जोड आणि सतार-सरोदावर त्यापाठोपाठ येणारा 'झाला' हा वेगवान भाग, हे तबल्याशिवाय असतात. जोडात लय येते, ताल येत नाही. तबला किंवा पखवाज वाजू लागेपर्यंत फक्त सा धरून बसा.

## टप्पा ६: मैफल

तबला स्पष्ट ऐकू येईल अशी जागा घ्या. ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर नको.

वाद्यं लावली जात असताना गप्पा मारू नका. तुमचा सा तेव्हाच पक्का होतो. मांडीवर हलकेच ताल धरायला हरकत नाही, शेजाऱ्याला ऐकू येईल अशी टाळी नको. दाद कळून आली तरच द्या. चार लोकांनी मान हलवली म्हणून आपणही हलवली की कान काम करणं सोडून देतो.

सम हरवली तर घाबरून मोजायला लागू नका. मुखड्याची वाट पाहा, तो येणारच आहे. तबलजीने साधा ठेका धरला की डग्गा ऐका.

कलाकाराने रागाचं नाव सांगितलं नाही तर हा क्रम वापरा. आधी प आहे का? मग म कुठला, शुद्ध की तीव्र, की नाहीच? त्यानंतर ग शुद्ध की कोमल? मग रे आणि ध. शेवटी नि, कारण काही रागांत दोन्ही निषाद येतात आणि तिथे फसगत होते. एवढ्या उत्तरांवर बरेच राग बाद होतात. उरलेल्यांत नाव लागलं नाही तर वहीत नावाची जागा कोरी सोडून उत्तरं लिहून ठेवा आणि मध्यंतरात एखाद्या जाणत्याला विचारा. नाव ऐकायच्या आत फोनवर शोधलंत तर उरलेलं गाणं तुम्ही ते पान पडताळत ऐकाल.